आसरांची बोटं

नथूचं डोकं मी धरलं होतं. मी आठ वर्षांची, माझा हा भाऊ बारा दिवसांचा. बहीण रतन माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण रक्त म्हटलं की ती कडब्याच्या गंजीमागे जाऊन लपायची, म्हणून बाळाचं डोकं हलू न देण्याचं काम माझ्याकडे आलं. बन्सी सोनाराने नाकपुडीतून तार ओवली, बाळ किंचाळलं, बायका हसल्या आणि कुणीतरी माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला. नाकातून रक्ताचा एक थेंब आला. आईने तो पदराने पुसला. मग दुसरा आला.

चार दिवस तो थेंब येत राहिला. धार नाही, नुसता थेंब. पुसला की नवा. हळद झाली, चुलीतली राख झाली, कोळ्याचं जाळं झालं, पाथर्डीहून आणलेली डॉक्टरची पूड झाली. चौथ्या दिवशी बाळ पांढरं पडलं आणि रडायचं थांबलं. पाचव्या दिवशी सकाळी थेंबही थांबला. मला आधी वाटलं, बरा झाला.

मुलाचं नाक टोचतात कशासाठी, हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमच्या आईचा, भीमाबाईचा, पहिला मुलगा सूर्यभान. तो रांगायला लागला आणि त्याच्या मांड्यांवर, दंडांवर काळेनिळे डाग उमटायला लागले, कुणीतरी हाताने आवळून धरल्यासारखे. एक दिवस उंबऱ्यावर कपाळ आपटलं, डोकं सुजलं आणि तो गेला. आईचे दोन भाऊही लहानपणी असेच गेले होते. गावाने निदान केलं, आसरा. म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. आमच्या विहिरीत, आतल्या कोनाड्यात, शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्या त्याच. त्यांना मुलगे लागतात, मुलींना त्या हात लावत नाहीत. म्हणून पुढचा मुलगा झाला की त्याचं नाक टोचायचं, त्याला परकर नेसवायचा, नथू म्हणायचं. मुलगी समजून आसरा निघून जातात.

नथू गेला तेव्हा गोजरबाई सुईण आईला म्हणाली, "उशीर झाला बाई. बारा दिसांत त्यांनी पोरगं बघून ठिवलं हुतं." सुईचा संशय कुणालाही आला नाही. मलाही नाही. मला फक्त एवढं कळत होतं की ज्या हातांत ते डोकं होतं ते माझे हात होते, आणि मी धरलं नसतं तर सोनाराला टोचता आलं नसतं. हे मी कुणाला बोलले नाही. पण त्यानंतर कुणी मांडीवर बाळ ठेवायला आलं की मी उठून जायचे.

माझे चुलते कारभारी नगरला पोस्टात होते. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि मला पाढे घडाघडा येत होते. त्यांनी मला उचलून नेलं, शाळेत घातलं, पुढे कॉलेजात. एकाहत्तर साली मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. वर्गात मुली चार, आणि माझ्याजवळ शहाणपण इतकं की ठेवायला जागा नाही. सुट्टीत गावी गेले की विहिरीवरच्या बायकांशी भांडायचे. म्हणायचे, पाण्यातल्या बायकांना मुलगे लागतात कशाला, त्यांना काय शाळा काढायचीय? आई म्हणायची, "छबू, जीभ आवर." मी आवरत नव्हते. आरडाओरडा करणाऱ्याला आतून भीती वाटत असते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशीही भांडले असते.

मग एका सकाळी गंधे सरांनी फळ्यावर युरोपातल्या कुठल्याशा राजघराण्याची वंशावळ काढली. बाई असेल तिथे गोल, पुरुष असेल तिथे चौकोन. ज्याला रोग होता तो खडूने भरून टाकलेला. भरलेले सगळे चौकोन होते. एकही गोल भरलेला नव्हता. रोगाचं नाव हिमोफिलिया. रक्त गोठत नाही.

सरांनी इंग्रजीत सांगितलं ते मी माझ्यापुरतं मराठीत करून घेतलं. बाईजवळ एक्स नावाची गुणसूत्रं दोन असतात, पुरुषाजवळ एकच. रक्त कसं गोठवायचं ही माहिती त्याच्यावर लिहिलेली असते. एकावरची बिघडली तरी बाईचं दुसऱ्यावर भागतं, दोन बैलांच्या गाडीत एक लंगडला तर दुसरा ओढून नेतो तसं. पुरुषाचा बैल एकटा. तो बसला की गाडी बसली. म्हणून रोग होतो मुलाला, आणि येतो आईकडून, जिला स्वतःला कधी काही झालेलं नसतं.

"अशा मुलाला साधी सुई टोचली," सर म्हणाले, "तरी जिवावर बेतू शकतं."

मी बाकावर ठेवलेल्या माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. आसरा मुलींना हात लावत नाहीत, हे गावाने बरोबर पाहिलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या बरोबर पाहिलं होतं. फक्त त्यावर उपाय काढला तो नेमका जीव घेणारा. तास संपल्यावर मी सरांना विचारलं, उपचार काय?

"जपणं," ते म्हणाले. "मोठ्या शहरात रक्त देतात. खेड्यात जपणं. रक्त सांडू द्यायचं नाही."

दिवाळीत गावी गेले ती जर्नल घेऊन. आमच्याकडे चार-पाच वर्षांनी भाट येतो आणि चौदा पिढ्यांची वही सुरात वाचून दाखवतो. बापाचं नाव, मुलाचं नाव, त्याच्या मुलाचं नाव. वहीत मुली नसतात. लग्न होऊन गेलेली मुलगी वहीच्या लेखी हवेत विरते. आणि हा रोग तर मुलींच्याच पावलांनी घरोघर गेला होता, मग तो भाटाला दिसणार कसा? मी आईला विचारत गेले, आई ज्वारी निवडत सांगत गेली. सुप्याला दिलेल्या मावशीचा थोरला जावळ काढताना वस्तरा लागून गेला. धाकट्याचे गुडघे सुजायचे, तो दात पडताना गेला. आजीच्या बहिणीचे दोघे. जर्नलच्या मागच्या पानावर आठ चौकोन काळे झाले. त्यांच्या मध्ये एका गोलात आई बसली होती, आणि तिच्याखाली दोन गोल, रतन आणि मी. दोघींनी हा रोग पुढे नेण्याची शक्यता निम्मी-निम्मी. नेणारीच्या गोलात सर नुसता ठिपका देत. मी पेन्सिल नेली आणि ठिपका न देताच जर्नल मिटलं. रतनला तेव्हा सातवा महिना होता. लग्नानंतर पाच वर्षांनी दिवस गेले होते.

पौषात चुलत्यांच्या पोस्टात तार आली, रतनला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे ती आमच्याच घरी होती. मी एसटीने पाथर्डीला उतरले आणि पुढे चालत गेले, तोवर चौथा दिवस लागला होता. वडील आणि रतनचा नवरा दोघेही ऊसतोडीला गेलेले. घरात नुसत्या बायका.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. आमची विहीर आटली होती, गावाला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदा. तळाला चिखलही नव्हता, भेगा पडल्या होत्या. गोजरबाई मला वाटेतच भेटली आणि म्हणाली, "पानी हुतं तवर त्या पान्यात हुत्या. आता कुटं ऱ्हातील? गावात फिरत्यात. मागल्या आळीत कोरड्या अंगनात वली पावलं दिसली, भर दुपारची." मी हसले. पण विहिरीवरून जाताना आत डोकावले नाही. मान वळवायची इच्छाच झाली नाही. ऊन कडक होतं, वारा नव्हता, आणि इतक्या खोल कोरड्या जागेतून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं मला वाटत राहिलं. विज्ञान शिकलेल्या मुलीला असं वाटू नये. मला वाटलं.

बाळंतिणीच्या खोलीत ओव्याचा धूर भरला होता. रतन बाजेवर होती, फिकुटलेली, पण खूश. आईने बाळ माझ्यासमोर धरलं, दुपटं सोडलं आणि त्याचा डावा हात वर केला.

"बग," ती म्हणाली. "आल्या."

काखेखाली, बरगड्यांवर, चार निळी बोटं आणि पाठीकडे अंगठा. मी माझी बोटं त्यावर ठेवून पाहिली, बरोबर बसली. गोजरबाईने बाळंतपणात ओढताना तिथेच धरलं होतं. दुसऱ्या बाळाला तिथे लालसर वळ आला असता आणि संध्याकाळपर्यंत गेला असता. माझ्या जर्नलमधल्या रतनच्या गोलात त्या क्षणी ठिपका पडला, आणि त्याच्याखाली एक नवा चौकोन काळा झाला.

आई घाईघाईने सांगत होती, की या खेपेला उशीर करायचा नाही. उद्या पाचवी. रात्री सटवाई येऊन कपाळावर पोरगा म्हणून लिहील, त्याच्या आत दुपारीच नाक टोचायचं. बन्सी सोनाराला सांगून झालं आहे. रतनची सासू झुंबरबाई सोन्याची तार घेऊन येणार आहे. आईच्या डोळ्यांत अशी आशा होती की मला तिच्याकडे बघवेना. नथूच्या वेळची चूक ती दुरुस्त करत होती.

सकाळी झुंबरबाई आली. रतनच्या सासूबद्दल मी वाईट बोलणार नाही. सुनेला पाच वर्षं मूल नसताना तिने तिला घरात ठेवलं, हे आमच्या भागात थोडं नाही. मी तिच्याशेजारी बसले आणि जमेल तितकं सोपं करून सांगायला लागले. की ह्या पोराचं रक्त थांबत नाही, हा एक रोग आहे, सुई लावली तर ते वाहतच राहील. ती ऐकत होती, मानही हलवत होती. मग तिने विचारलं, "पर ह्यो रोग आला कुटनं?"

मी पुस्तकी माणूस. विचारलं की उत्तर द्यायचं. मी म्हणाले, "आईकडनं येतो."

"कुनाच्या आईकडनं?"

तोवर हात दाखवून अवलक्षण करून झालं होतं.

"म्हंजी तुमच्या घरचं रगात नासकं हाय," झुंबरबाई शांतपणे म्हणाली. "आन ते तुमाला ठावं हुतं. आमाला फसिवलं म्हना की. आसं आसल तर सांग पोरी, मी माझ्या लेकाला दुसरी करून देते. हिला ऱ्हाऊ द्या हितंच."

बाजेवरून रतनने माझं मनगट पकडलं. तिची नखं रुतली. ती नुसती बघत राहिली, आणि मला तिच्या बघण्याची भीती वाटली.

"नाही हो मावशी," मी म्हणाले. "पुस्तकातलं आहे ते. गोऱ्या लोकांत असतं. आपल्यात नसतं."

झुंबरबाईने सुस्कारा सोडला. मी वळले तर आई दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. ती केव्हापासून तिथे होती मला माहीत नाही. ती तांब्या ठेवून चुलीकडे निघून गेली.

म्हणजे हिशेब असा होता. खरं सांगितलं तर बाळ वाचेल, पण रतनचा संसार मोडेल, आणि कदाचित बाळही वाचणार नाही, कारण माझ्यावर विश्वास ठेवणार कोण? गप्प बसले तर दुपारी सोनार येईल. मी परसात जाऊन बसले. सगळं शिक्षण, सगळे गोल-चौकोन डोक्यात होते, आणि त्यांतलं एकही त्या घरात चालणारं नाणं नव्हतं. मला गंधे सरांचा राग आला, बायकांचा राग आला, सगळ्यात जास्त माझा आला.

दुपारी बन्सी सोनार आला. आळीतल्या दहा-बारा बायका जमल्या. तो आता म्हातारा झाला होता, पण पेटी तीच. गोजरबाईने बाळ पाटावर घेतलं आणि सहज, पाणी मागावं तसं, म्हणाली, "छबू, डोस्कं तू धर. तुला सवय हाय."

मी बसले. डोकं धरलं. कोमट, मऊ, टाळू धडधडत होती. सोनाराने तार दिव्यावर धरली, पुसली, आणि वाकला.

मी सोंग केलं. हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे. गोजरबाईच्या अंगात येताना मी लहानपणापासून पाहिलं होतं, कसं सुरू होतं ते मला ठाऊक होतं. मी बाळ गोजरबाईच्या हातात ढकललं, अंबाडा सोडला, केस पुढे घेतले आणि झुलायला लागले. पहिले दोन-तीन झोके माझे होते, एवढं मी शपथेवर सांगेन. त्यानंतर मान थांबेना. घशातून जो आवाज निघाला तो मी ठरवलेला नव्हता. खोल, ओला आवाज. त्या कोरड्या विहिरीत उरलेलं सगळं पाणी त्यात होतं.

"टोचू नका त्याला!"

कुणीतरी किंकाळी फोडली. सोनाराच्या हातून तार पडली.

"पोरगं आमचं हाय. त्याच्या अंगातलं रगात आमचं हाय. त्याचा एक थेंब सांडला तर घर धुऊन न्हेऊ. सुई लावायची न्हाई. वस्तरा लावायचा न्हाई, जावळ काढायचं न्हाई. तापल्या सळईचा डाग द्यायचा न्हाई. रांगायला लागला की गुडघ्यांना चिंध्या बांधा, उंबऱ्याला गोधडी घाला. कुनी हात उचलायचा न्हाई त्याच्यावर. बोटं उमटली तर भिऊ नका, ती आमची राखन हाय."

सरांनी सांगितलेलं, पुस्तकात वाचलेलं, सगळं मी त्या आवाजात सांगून टाकलं. (त्या यादीवर रतनचा मुलगा पुढे वाढला. गुडघ्यांत वाकडा, पण वाढला.) झुंबरबाई जमिनीवर पालथी पडली होती. "चुकलं बाई, आमाला ठावं न्हवतं," ती म्हणत होती. सकाळी साध्या शब्दांत सांगितलेलं तिने मानलं नव्हतं, आता प्रत्येक शब्द ती तोंडातल्या तोंडात घोकत होती. सोनार पेटी आवरून मागच्या मागे गेला. मी जिंकले होते. मला फक्त थांबायचं होतं, आणि ते जमत नव्हतं.

तेवढ्यात आई पुढे आली. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पायांवर पाणी घातलं आणि समोर बसली. बायकांना वाटलं, आता ही नातवासाठी काही मागणार.

"बाई, येक इचारते," आई म्हणाली. "ह्याला सुई लावू नका म्हनता. माझ्या नथूला तर म्याच लावली. सोनाराला म्याच सांगावा धाडला हुता. मग त्यो तुमी न्हेला, का सुईनं गेला?"

माझं झुलणं थांबलं. केसांच्या आडून मला तिचा चेहरा दिसत होता. ती रडत नव्हती. ती सकाळी दारातून ऐकलेलं माझं बोलणं आणि आत्ताचं बोलणं एकमेकांशेजारी ठेवून बघत होती, ज्वारी निवडताना खडा उचलून बघावा तसं. मी तिला वाचवायला विसरले होते. बाळाला वाचवलं, रतनला वाचवलं, आणि ज्या बाईने नथू गेल्यापासूनचं सगळं आयुष्य आसरांवर भार टाकून काढलं होतं, तिचा आधार मी माझ्या तोंडाने काढून घेतला होता.

"आमी न्हेला," मी म्हणाले. आवाज फाटला. "आमीच न्हेला. तुजी चूक न्हाई."

आईने माझ्याकडे बघितलं. मग ती वाकली, माझ्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "तुजी बी न्हाई, छबू."

ती उठली. मागे वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "आयकलं न्हवं समद्यांनी? सुई लावायची न्हाई." आणि बाळाला घेऊन आत गेली.

मला हुंदका आला आणि मग तो आवरेना. मी तिथेच बसून रडत राहिले, केस तोंडावर, आई आई करत. बायकांना वाटलं, आसरा रडतायत. त्या हात जोडून पुढे सरकल्या आणि माझ्याकडे पाऊस मागायला लागल्या.